कुऱ्हाडीचा टवका

रविवारी दुपारची जेवणं उरकली की शेकोटीवर फोटो पडायला लागायचे. शेकोटी म्हणजे खरीखुरी नव्हे, एका खेळापायी एकत्र आलेल्यांचा ग्रुप. फोटोही सगळ्यांचे एकाच गोष्टीचे, खेळातल्या आपापल्या झोपडीतल्या चुलीचे. चूल पेटलेली दिसली म्हणजे माणूस जिवंत. ज्याची विझली, तो काळा चौकोन टाकायचा आणि खाली एकच शब्द लिहायचा: गार. मग बाकीचे त्याला दोन शब्द सांत्वनाचे आणि चार टोमण्यांचे लिहायचे, आणि तो बिचारा रिकाम्या हातांनी पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात करायचा.

खेळ मुळात गरीब स्वभावाचा होता. मोकळं जग, हवं ते तोडा, हवं ते बांधा, मेलात तर कपडे झटकून पुन्हा उठा. कुणा माथेफिरूला तो फारच गुळमुळीत वाटला असावा. त्यानं त्याला ‘कडाका’ नावाचा मॉड जोडला. म्हणजे खेळ तोच, नियम तेवढे नवे, आणि एकजात सगळे वाईट. कडाक्यात लोखंडाचा टवका उडाला तर तो पुन्हा भरून येत नाही. खेळ थांबवायचं बटणच नाही; तुम्ही पाणी प्यायला उठलात म्हणून तिकडची थंडी बसून राहत नाही. आणि जीव एकच. गार झालात की अख्खं जग पुसलं जातं, झोपडीसकट, शेळ्यांसकट, दारापुढं हौसेनं लावलेल्या दिव्यासकट.

दुसरा हिवाळा शेकोटीतल्या कुणीच ओलांडला नव्हता. ग्रुप चालवणाऱ्या मास्तरांनीसुद्धा नाही. ते खरोखर कुठं शिकवतात की नाही हे कुणाला माहीत नव्हतं, पण त्यांचा मेसेज वाचतानाही माणूस आपोआप ताठ बसायचा. बटाटा नावाचा एक जण तर पहिल्या बर्फातच इतक्या वेळा गार झाला होता, की त्याच्यासाठी काळा चौकोन तयार ठेवा असं लोक म्हणायचे.

आणि तो दुसरा हिवाळा ओलांडायच्या बेतात होती नववीतली एक मुलगी. घरी तिला सगळे भित्री भागूबाई म्हणत. शेकोटीवर मात्र ती चिवट. हे नाव तिनं घेतलं नव्हतं, तिला ते मिळालं होतं. लांडग्यांची टोळी झोपडीला वेढा घालून बसली तेव्हा ती जळतं लाकूड घेऊन एकटी बाहेर पडली, त्या दिवशी मास्तरांनी लिहिलं, ही पोरगी चिवट आहे. नाव तिला इतकं आवडलं की ते तिनं खेळाबाहेरही अंगावर चढवलं. वर्गात पहिल्यांदा हात वर केला तेव्हा बाईंनी तिच्या मागच्या बाकावर बघितलं, हात कुणाचा म्हणून. वादविवादात ती उभी राहिली, सपाटून हरली आणि हसत खाली उतरली. लांडगे हाकलणाऱ्या मुलीनं वर्गाच्या मॉनिटरला काय भ्यायचं.

हे सगळं घडायचं आत्याच्या दातांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली: भिंतीकडेला कामाचं टेबल, त्यावर वाकलेला दिवा, कोपऱ्यात छोटीशी भट्टी, आणि सगळ्यावर पिठासारखा प्लास्टरचा पातळ थर. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. आत्या त्यात प्लास्टर ओतून साचे काढायची आणि त्या साच्यांवरून कॅपा, ब्रिज, कवळ्या बनवायची. दातांचं डिझाइन करायला तिच्याकडं चांगला दणकट कॉम्प्युटर होता. दुपारी तो मोकळा असायचा, आणि घरचा तर चालू होतानाच धापा टाकायचा. म्हणून शाळा सुटली की चिवट थेट आत्याकडं. अभ्यास आधी, मग कडाका, अशी बोली होती.

आत्यानं तिला कधी भागूबाई म्हटलं नव्हतं. घरात ती एकटीच तशी. चिवट खेळताना ओरडली की आत्या कोरकामाची मोटर बंद करून विचारायची, काय गं, काय झालं, आणि शेळी व्यायल्याची बातमी सख्ख्या नातवाची असावी तशी ऐकून घ्यायची. दर रविवारचा चुलीचा फोटोही आधी आत्याला दाखवला जायचा, मग शेकोटीला.

एका शनिवारी शाळेला सुट्टी होती. चिवट सकाळपासून ठाण मांडून बसली होती. दुसऱ्या हिवाळ्याचा तो ऐन भर. तळं दगडासारखं गोठलेलं, पाणी खाली, तहानलेल्या शेळ्या वर. तिनं कुऱ्हाडीनं घाव घालघालून बर्फात भोक पाडलं. शेवटच्या घावाला कुऱ्हाडीच्या धारेचा टवका उडाला, पण पाणी लागलं. तिनं टवका उडालेली कुऱ्हाड मिरवत फोटो टाकला. शेकोटीवर एकच कल्ला झाला. बटाट्यानं लिहिलं, ताई, मला दत्तक घे.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. पेशंट खुर्चीत बसलाय, ब्रिज ताबडतोब हवाय. ब्रिज तयार होता, पण आत्याच्या हातात दुसरा दात होता: ओली पोर्सिलीनची पूड ब्रशनं थरावर थर चढवत होती. ती मध्येच सोडली तर वाळते आणि भट्टीत तडा जातो. चिवटला जावं लागणार होतं. तिनं शेळ्या आत घेतल्या, झोपडीचं दार लावलं, आगीपाशी लाकडं रचली आणि आत्याला कीबोर्डवरचं बटण दाखवलं. आग मंदावली की हे दाबायचं, एक ओंडका पडतो, बस. घरच्या माणसानं ओंडका टाकलेला शेकोटीच्या नियमात बसत होता. आत्या मान वर न करता म्हणाली, “टाकते गं. तू पळ.”

ती धावत गेली नि धावत आली. पडद्यावर आग चांगली धडाडून पेटली होती. तिला हायसं वाटलं. तळ्यावर जाऊन बघते तर सकाळचं भोक बुजलेलं. तिनं आत्याला विचारलं, वादळ आलं होतं का?

“असेल बाई,” आत्या म्हणाली. “मी दातात गुंतले होते.”

कडाक्यात वादळं येतात आणि भोकं बुजवून जातात, यात नवल नव्हतं. कुऱ्हाडीचा टवका उडालाय म्हणून तिनं या वेळी भिंतीवरून कुऱ्हाड काढलीच नाही. पहार घेतली आणि नव्यानं भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी रविवारचा फोटो टाकला. चूल, चुलीमागं भिंत, भिंतीवर कुऱ्हाड.

काही आठवड्यांनी खेळातलं बर्फ वितळलं. दुसरा हिवाळा सरला आणि शेकोटीवर तिचं नाव सगळ्यात वर लागलं. चिवटला आभाळ ठेंगणं झालं. मास्तरांनी तिला सांगितलं, नवख्यांसाठी तुझा अनुभव लिही, सोबत तुझे फोटो लावू. तिनं झोकात लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं: आगीपाशी विश्वासाचं माणूस बसवा. बटाट्यानं ते वाचून लगेच आपल्या घरच्या सख्ख्या ताईला आगीपाशी बसवलं.

मास्तर फोटो ओळीनं लावत होते, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी शनिवारचा आणि रविवारचा फोटो शेजारीशेजारी टाकले आणि सगळ्यांदेखत विचारलं, “चिवट, लोखंड भरून कसं आलं?”

शनिवारच्या फोटोत कुऱ्हाडीला टवका होता. रविवारच्या फोटोत धार अखंड, लखलखीत. याचा अर्थ शेकोटीत शेंबड्या पोरालाही कळत होता. कुणीतरी जगाची आधीची नक्कल जपून ठेवली आणि मेल्यावर ती परत लावली. शेकोटीवर याहून मोठं पाप नव्हतं. टोमण्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, आम्हालाही सांगा तो लोहार. कुणी म्हणालं, चिवट कसली, चिकटवलेली आहे. बटाटा एकटा तिच्या बाजूनं भांडत राहिला.

चिवटनं फोटो मोठा करून करून बघितला. डोकं चालेना. तिनं तर काहीच केलं नव्हतं. खेळात काहीतरी बिघाड असणार, दुसरं काय. तिनं शपथेवर लिहिलं की मी नक्कल लावलेली नाही, आणि मी बाहेर गेले तेव्हा माझी आत्या तिथं होती, तिला विचारा. मास्तरांनी खरंच फोन लावला. चिवटनं तो स्पीकरवर टाकून आत्यापुढं धरला. आत्यानं तोंडावरचा मास्क खाली केला, पण पोरीकडं बघितलं नाही. म्हणाली, “मी इथंच होते. पोरीनं काही लबाडी केलेली नाही.”

वडीलधाऱ्या माणसाचा शब्द म्हणून मास्तरांनी विषय मिटवला. चिवटची छाती फुगली. मिटलेला विषय मिटू द्यावा की नाही? पण नाही. तिनं शेकोटीवर जाऊन लिहिलं: ज्यांच्या चुली विझल्या त्यांनी दुसऱ्याच्या धुराकडं बघू नये. वर आत्याला ते वाचूनही दाखवलं. आत्या नुसतं हं म्हणाली आणि मोटर चालू केली.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याचा पुन्हा फोन आला. तोच शनिवारचा ब्रिज. खालची दाढ दुखायला लागली म्हणून डॉक्टरांनी तो काढून घेतला होता आणि त्यांच्याच हातून फरशीवर पडून त्याचा तुकडा उडाला होता. डॉक्टर घाबरेघुबरे झाले होते. आत्या मात्र गार पाण्यासारखी शांत. ती सांगत होती, काही काळजी करू नका, मी कशाचाही साचा ठेवल्याशिवाय वस्तू हातातून सोडत नाही. “तस्सा दुसरा करून देते. पेशंटला कळणारसुद्धा नाही.”

चिवट पाठमोरी बसून खेळत होती. तिचा माऊसवरचा हात थांबला. खेळातली ती चुलीला वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि कुऱ्हाडीसमोर उभी राहिली. धार अखंड होती. बिघाड असा इतका नीटनेटका नसतो.

फोन ठेवल्याचा आवाज आला तेव्हा ती न वळता म्हणाली, “आत्या, माझ्या जगाचाही साचा आहे?”

आत्यानं ब्रश उचलला. परत ठेवला.

मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती सारखी हातावरचं प्लास्टर खरवडत होती. पूड ओली होती. आता बटण दाबते, हा एक थर झाला की दाबते, असं म्हणता म्हणता मागून वाऱ्याचा आवाज आला, आणि वळून बघेपर्यंत पडदा काळा. सकाळी कुलूप उघडलं की कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची नक्कल काढून ठेवायची तिची जुनी सवय, दातांची तशी या जगाचीही निघायची. तिनं त्या दिवशी सकाळची काढली आणि लावली. आणि या वेळी ओंडका टाकला.

“मग मास्तरांना खोटं का सांगितलंस?”

“खोटं कुठं? तू लबाडी केली नाहीस, एवढंच म्हणाले.”

“आणि मला?”

आत्या खुर्ची ओढून जवळ आली. “माझ्या हातून मेलं ना ते. कुठल्या तोंडानं सांगणार होते? आणि तू इतकी फुलली होतीस. वाटलं, तुला सोसवायचं नाही. परत कोपऱ्यात जाऊन बसशील.”

“म्हणजे तूसुद्धा मला भागूबाईच समजत होतीस.”

आत्या पुन्हा हातावरचं प्लास्टर खरवडायला लागली, आणि चिवटला तेवढं पुरलं. घरचे तोंडावर तरी म्हणायचे. हिनं केसानं गळा कापला. रोज विचारायची, शेळ्या कशा आहेत, आणि रोज तिला माहीत होतं की कुठल्या शेळ्या नि कुठलं काय. मग दुसरा हिवाळा काढला कुणी? शेकोटीवर ज्यांना तिनं धुराचा टोमणा मारला, त्यांच्यासारखीच तीही गार होती. ते निदान तसं लिहून मोकळे झाले होते.

तिनं आत्याला सगळ्या नकला पुसायला लावल्या. आत्यानं हळूच विचारलं, एखादी तरी राहू दे? चिवटनं मान हलवली. मग ती खेळात गोठ्यात गेली, दार उघडलं आणि शेळ्यांना मोकळं सोडलं. परत येऊन चुलीपुढं बसली. आत्याला शेजारी बसवलं.

कडाक्यात उन्हाळा कसाबसा दोन आठवडे टिकतो; तिसऱ्या हिवाळ्याची पहिली थंडी आली होती. लाकडं हाताशी रचलेली होती, ती तिनं तशीच राहू दिली. ज्वाळा खाली बसली, निखारे उरले, मग निखाऱ्यांवर राख धरली. वाऱ्याचा आवाज मोठा होत गेला. आत्याचा हात पुढं आला, बटणाकडं. प्लास्टरनं पांढरी झालेली बोटं, त्या शनिवारी यायला हवी होती तशी अगदी वेळेवर आली. चिवटनं कीबोर्ड आपल्या बाजूला ओढून घेतला.

पडदा काळा झाला. तिनं त्याचा फोटो शेकोटीवर टाकला आणि खाली लिहिलं: गार. त्या शनिवारपासूनच. मास्तर, तुम्ही बरोबर होता. मला आज कळलं. मग सगळ्यांत वर लागलेलं आपलं नाव काढायला सांगितलं.

या वेळी कुणी टोमणा मारला नाही. मग बटाट्याचा मेसेज आला.

“मी तुझं वाचून ताईला आगीपाशी बसवलंय. उठवू का तिला?”

आत्या मागं उभी राहून वाचत होती. तिचा श्वास चिवटच्या मानेला जाणवत होता. चिवटनं वळून बघितलं नाही. तिनं लिहिलं, “उठव,” आणि दप्तर उचललं.