लाय ताईंचा शिक्का

"शिक्का मी मारणार नाही." लाय ताईंनी रिपोर्ट माझ्याकडे परत सरकवला. "बोर्ड देखणा आहे तुझा, श्याओ-वेन. पण खोक्यात गेला की गुदमरतो."

रिपोर्टवर तीन चौकोन होते. पहिल्यात बोर्ड आखणाऱ्याचा, म्हणजे माझा, लाल शिक्का आधीच उमटलेला. दुसरा तपासणाऱ्याचा. तिसरा आमच्या हौ साहेबांचा. दुसरा कोरा असताना तिसरा भरायचा नाही, ही आमच्या कंपनीची शिस्त. आणि तैपेईचं जूनमधलं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलेलं.

छोट्या गेमिंग कॉम्प्युटरसाठीचा तो मदरबोर्ड माझा पहिलाच. सतरा सेंटिमीटर लांब, सतरा रुंद. धड वीतभरसुद्धा नाही. एवढ्याशा जागेत बाकीच्यांनी माहिती साठवायचं एकच कार्ड बसवलं होतं. मी दुसरं बसवलं, बोर्डाच्या पाठीवर! त्या युक्तीने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आईला तर किती चढलं होतं ते विचारू नका. तिने आमच्या हूवेई गावच्या मात्सू देवीच्या मंदिराच्या कमिटीत जाहीर करून टाकलं होतं, की मुलाचा बोर्ड प्रदर्शनात मांडणार आहेत, आणि बायकांची अख्खी बस ठरवली होती.

आणि लाय ताई म्हणत होत्या, गुदमरतो.

लाय श्यू-चिन या कंपनीत एकोणचाळीस वर्षं आहेत. सतराव्या वर्षी त्या लाइनवर सुटे भाग खोचायला लागल्या. पुढे कारखाने समुद्रापलीकडे गेले, बरोबरीच्या मुली घरी बसल्या, ताईंना मात्र तपासणीच्या खोलीत ठेवून घेतलं. डिग्री नाही. पण चालू बोर्डावरून बोट फिरवून कुठला भाग पुढच्या वर्षी दगा देणार ते सांगतात, आणि ते खरं ठरतं. आम्ही नवे इंजिनियर त्यांना टरकून असतो.

हौ साहेब आले. "ताई, काय कुरकुर आहे?"

"तासाभराने मंद पडतो, साहेब."

साहेबांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी तपासणीच्या मशीनवरचं खाऊचं हिरवं पाकीट उचललं. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक मशीनवर ते ठेवतात. हिरवंच लागतं, आणि ताजं लागतं.

"हे मार्चमध्येच संपलंय!" साहेब ओरडले. "मग बोर्ड रुसणार नाही तर काय करणार?"

सांगायला लाज वाटते, पण इंजिनियरिंगच्या दोन पदव्या घेतलेल्या माझाही जीव भांड्यात पडला. मी धावत खाली जाऊन नवं पाकीट आणलं, दोन्ही हातांनी मशीनवर ठेवलं, आणि दिवसभर चाचणी लावली. बोर्ड घोड्यासारखा धावला. एकदाही अडखळला नाही.

"बघितलंत?" साहेब खुशीत म्हणाले.

"मीही पाकिटाशिवाय मशीन चालू करत नाही," लाय ताई म्हणाल्या. "पण पाकिटाचा धाक मशीनला असतो साहेब, उन्हाला नसतो. तुम्ही बोर्ड उघड्या टेबलावर मांडलात, वरून एसी. लोक काय असे उघड्या टेबलावर मांडून खेळतात?"

"फॉर्ममध्ये खोक्याची चाचणीच नाही, ताई."

"मग फॉर्म चुकलाय."

साहेबांचा चेहरा उतरला. "सोमवारपर्यंत शिक्का नाही बसला, तर मी दुसऱ्या कुणाचा मारून घेईन."

"घ्या की. माझं नाव मी उसनं देत नाही."

साहेब गेल्यावर मी ताईंवर उखडलो. "माझं वाटोळं करताय तुम्ही! तीन आठवडे राहिलेत!"

"ओरडून झालं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "शनिवारी माझ्या घरी ये. भर दुपारी ये, ऊन असताना."

ताई सानचोंगला राहतात, पाच जिने चढून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यातली दुपार. दारातच अंगाला घाम फुटला. त्यांनी गार मुगाचं गोड सूप हातात दिलं आणि टेबलाशी बसल्या. टेबलावर चपलांच्या खोक्याएवढा काळा कॉम्प्युटर, आणि त्यात माझा बोर्ड. पडद्यावर उग्र मिशांचा एक तलवारबाज तळ्याभोवती चकरा मारत होता.

"लढत का नाही हा?" मी विचारलं.

"मारामारी मला जमत नाही. लगेच मरतो. म्हणून फिरवते. पाणी, झाडं, सावल्या दाखवायला मशीनला तेवढंच राबावं लागतं."

मला हसू आलं. तीन आठवड्यांपासून त्या रोज संध्याकाळी या माणसाला तळ्याभोवती फिरवत होत्या, आणि वहीत दर दहा मिनिटांचं तापमान लिहीत होत्या. मी शेजारी बसून पाहू लागलो. अर्धा तास सगळं छान. पन्नासाव्या मिनिटाला तलवारबाजाचा पाय उचललेलाच राहिला. मग तो एकदम चार पावलं पुढे जाऊन उभा. मग पुन्हा गोठला.

ताईंनी कॉम्प्युटर बंद केला, मागचं झाकण काढलं. "बोट लाव."

लावलं आणि झटकन मागे घेतलं. पाठीवरचं कार्ड. माझी युक्ती. बोर्ड आणि खोक्याचा पत्रा यांच्या मध्ये ते असं चेपून बसलं होतं, की तिथे वारा शिरायला फट नव्हती. ती जागा मोकळी आहे म्हणून मी खूश झालो होतो. तिथे हवा येणार कुठून, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"कुणीतरी हौसेने हे घेईल," ताई म्हणाल्या, "स्वतःच्या हातांनी जोडेल, आणि असं अडखळलं की त्याला वाटेल, आपल्याच हातून काहीतरी मोडलं. लाइनवर बोर्ड बिघडला की आधी आम्हा मुलींच्या हातांवर आळ यायचा. नकाशाच चुकला असेल, असं कुणी म्हणायचं नाही. मी दोनदा रडत घरी गेलेय, माझी चूक नसताना."

मी सूप संपवलं.

सोमवारी सकाळी मी रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्यासमोरच 'योग्य' या शब्दावर दोन रेघा मारल्या. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. रेघा मारायच्या आणि त्यावर आपला शिक्का उठवायचा, म्हणजे कुणी मारल्या ते कळतं. मी शिक्का उठवला, वर 'अयोग्य' लिहिलं. ताईंनी पिशवीतून आपला शिक्का काढला आणि दुसऱ्या चौकोनात सरळ, ठसठशीत दाबला.

"हात दाखवून अवलक्षण!" साहेब माझ्यावर कडाडले. "नवा बोर्ड ऑगस्टशिवाय येत नाही. प्रदर्शनात काय ठेवू, तुझं डोकं?"

दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिसरा चौकोन भरलेला रिपोर्ट माझ्या टेबलावर होता. त्यांनी तो ठेवला कधी, ते मला कळलं नाही. आईला मात्र फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

प्रदर्शनात आमच्या जागेवर काचेचा स्टँड होता, त्यावर झगझगीत दिवा, आणि खाली 'लवकरच' अशी पाटी. लाय ताईंना मी पास मिळवून दिला होता. एकोणचाळीस वर्षांत तपासणीच्या खोलीतून कुणालाही प्रदर्शनाला नेलं नव्हतं. भाचीच्या लग्नातला निळा कोट घालून त्या आल्या आणि स्टँडशेजारी उभ्या राहिल्या.

अकराच्या सुमाराला बावीस पिवळ्या टोप्या घोळक्याने आत शिरल्या. पुढे आई.

"कुठाय रे?" तिने रिकाम्या स्टँडकडे पाहिलं. मागे बायका कुजबुजू लागल्या.

"अजून तयार नाही," लाय ताई म्हणाल्या. "मी पास केला नाही."

आईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"तपासणारी. बोर्ड तापत होता. तुमच्या मुलाने साहेबांसमोर स्वतःच्या कामावर रेघ मारली. एवढ्या वर्षांत मी असा पहिलाच इंजिनियर पाहिला."

आईने बायकांना हाका मारल्या, टोप्या सरळ करायला लावल्या, सगळ्यांना स्टँडभोवती उभं केलं. मधोमध लाय ताईंना ओढलं, त्यांच्या बाजूला मला.

फोटो काढणारी थबकली. "स्टँड रिकामाच दिसतोय हो मावशी."

"दिसू दे," आई म्हणाली.