पठाराची एकच गोष्ट

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर मामाने ठकीच्या कानात जे सांगितलं, ते त्याच्या मते शाबासकीचंच काम होतं.

“तू बिनघोर राहा,” तो म्हणाला. “तू पठारावर विचारपूस करायला आलीस ना, त्याच्या आधी मी टपाल वाटताना घरोघर सांगून ठेवलं होतं. राजाने पूर्वजांच्या पराक्रमावर खूश होऊन जमीन इनाम दिली, एवढंच बोलायचं. सगळे नीट बोलले ना?”

सगळे नीट बोलले होते. इतके नीट, की ठकीने त्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं केलं होतं. एकमेकांच्या दारात पाऊल न टाकणारी घरंही एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती खरीच असणार, असा तिचा सिद्धांत. मामाला फैलावर घ्यायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात शिपायाने तिला आत बोलावलं.

“तिथे दगडांशिवाय आहे काय?” असं विचारणाऱ्या विद्यापीठात तिने वर्षानुवर्षं हाच विषय लावून धरला होता. आज पदवी मिळाली तर प्रबंध छापला जाणार होता आणि पठाराला इतिहासात निदान टेकायला जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर पुन्हा दगडच.

मामा मागच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट मोडू नये म्हणून ताठ बसला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली. “काम उत्तम आहे. पण मला सांगा, इतकी घरं शब्दाला शब्द एकच सांगतात? आम्ही दोघं सख्खे भाऊ वडिलांची एक गोष्ट सारखी सांगत नाही.”

मार्गदर्शक बाई हसल्या आणि त्यांनी ठकीला मान हलवून खुणावलं. उत्तर कधीचं घोटून ठेवलेलं होतं. ते फेकलं की सुटका. मामा तर जन्मात कुणाकडे बोलला नसता. तिने मागे पाहिलं. मामाचे ओठ हलत होते. भाची अडखळू नये म्हणून तो ती इनामाची गोष्ट मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होता.

ते बघून तिला रडूच आलं.

“सर, ती गोष्ट लोकांना पढवलेली होती,” ती म्हणाली. “मला आत्ता, बाहेर कळलं.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“कुणी पढवली?”

मागे बाक करकरलं.

“मी,” मामा उभा राहून म्हणाला. “पोरगी एवढी शिकली. तिच्या पुस्तकात आमची लाज छापून यायला नको, म्हणून.”

“कसली लाज?”

“आम्हाला कुणी काही दिलं नाही, साहेब. आमचा पणजोबा खाणीवर बेडीत होता, तिथून पळाला. शेजारचे म्हणतात, सुटण्यासाठी त्याने त्यांच्या पणजोबाला पकडून दिलं. म्हणून आमचं येणंजाणं नाही. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी, आणि प्रत्येकीत कुणीतरी शेजारी चोर.”

परीक्षकांनी प्रबंध मिटला. ते म्हणाले, “आज पदवी देता येणार नाही. हे प्रकरण पुन्हा करावं लागेल. मुळापासून.”

जिन्यात मामा म्हणाला, “माझ्यामुळे बुडालीस.”

“हो,” ठकी म्हणाली. ती संतापली होती आणि ते लपवायच्या फंदात पडली नाही. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. “उद्या मी शेजारच्यांकडे जाणार आहे. त्यांच्या पणजोबाचं विचारायला.”

“आपल्या माणसाला ते उंबरा ओलांडू देणार नाहीत.”

“मग दारात उभी राहून विचारीन. तू येऊ नकोस.”

मामाने कठडा धरला. काही केल्या त्याचा पाय पुढे पडेना.

“मी येणार,” तो म्हणाला. “पकडून दिलं, ते खरं आहे. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.”