दहा शिलिंगच्या चौऱ्याहत्तर नोटा

रहिमतुल्लाने हलव्याचा डबा टीपॉयवर ठेवला आणि नोकरी सोडल्याचं सांगितलं.

"कधी?" दत्तप्रसाद पेडणेकरांनी विचारलं.

"परवा. मॅनेजर म्हणाला, अजून दोन वर्षं विसा वाढवतो. मी म्हटला, खलास. अठ्ठावीस वर्षं गोदामात टाइल्स मोजल्या, आता घरावर स्लॅब टाकून खाली झोपणार. गुरुवारचा तिकीट आहे. घ्या ना वहिनी, हलवा घ्या."

शुभदावहिनींनी हलवा घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या फोनवर सकाळपासून ओजसचा मेसेज पडून होता. मुलगा विलायतेत लेस्टरला शिकत होता. त्याला मराठी सगळी कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई. हे उत्तर एका ओळीचं होतं: बँकेने नोटा घेतल्या, सदतीस पौंड जमा झाले, बाई फार गोड बोलली.

आखातात, झिंजसारख्या वस्तीत राहणाऱ्या सुखवस्तू माणसाला काहीतरी छंद लागतोच. कुणी गाडी पुसतो, कुणी मंडळाच्या निवडणुकीला उभा राहतो. दत्तप्रसादांना जुन्या ब्रिटिश चलनाचा नाद होता. एका शिपिंग एजन्सीत हिशेब लिहिता लिहिता कपाटातल्या जुन्या वह्या त्यांच्या हाती लागल्या आणि ते पौंड-शिलिंग-पेन्सच्या प्रेमात पडले. या प्रेमाला घरात श्रोता नव्हता. पहिल्याच शिलिंगला शुभदावहिनी उठून कुकर लावत.

एप्रिलमध्ये रहिमतुल्ला आला तो जिदहफ्समधल्या आपल्या खोलीवरून बस बदलत, प्लास्टिकच्या पिशवीत नोटा घेऊन. दाभोळजवळच्या गावी जुनं घर पाडताना त्या भिंतीतल्या कोनाड्यात सापडल्या होत्या. आजोबा इंग्रजी बोटीवर आगवाला होता, जन्मभर भट्टीत कोळसा लोटला. दहा शिलिंगच्या चौऱ्याहत्तर नोटा हा त्या जन्माचा शिल्लक भाग.

दत्तप्रसादांनी त्याला बसवलं आणि दोन तास सोडलं नाही. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड, म्हणजे पौंडाचे दोनशे चाळीस पेन्स. एकोणीसशे एकाहत्तर साली इंग्रजांनी आपली बोटं मोजली, ती दहा भरली, तेव्हापासून पौंडाचे शंभर. रहिमतुल्ला एकेक गोष्ट मान डोलावून ऐकत होता. असं ऐकणारा माणूस दत्तप्रसादांना आयुष्यात भेटला नव्हता. ते पेटले.

"आता आजची किंमत. ती काढायच्या रीती दोन. पावाच्या भावाने काढली तर साधारण बाराशे पौंड. मजुरीच्या भावाने काढली तर सदतीसशे. तुमच्या आजोबांनी पाव विकले का?"

"नाही."

"मजुरी केली. मग मजुरीनेच काढायची."

रहिमतुल्लाने फोनवर रुपये केले. सव्वाचार लाख. स्लॅबचं एस्टिमेट तेवढंच होतं. त्याने दत्तप्रसादांचा हात दोन्ही हातांत धरला. विलायतेतली बँक जुन्या नोटा अजून घेते, पण फक्त नोटेवर छापलेला आकडा देते, हे एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. ते दत्तप्रसादांना लिफ्टपाशी आठवलं. पण हात अजून धरलेला होता, मग लिफ्ट आली, आणि मग दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं. फॉर्मही त्यांनीच भरला, सुवाच्य अक्षरात. ओजसने तो नोटांसकट बँकेत नेऊन दिला.

"रहिमतुल्लाभाई, बँकेचे पैसे आले," आता ते म्हणाले.

"माशाल्ला. किती?"

"सदतीस."

"सदतीसशे."

"सदतीस."

शुभदावहिनींनी बशी खाली ठेवली. रहिमतुल्ला छताकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलू लागले.

"वीस शिलिंगचा पौंड. दहाचा अर्धा. चौऱ्याहत्तरचे अर्धे..." त्याने पुन्हा एकदा मोजलं. "सदतीस. बरोबर दिलेत की."

"हो. बरोबरच."

"त्यांनी नाय फसवला."

"नाही."

ती बँक शब्दाला पक्की. सत्तर वर्षांनी गेलात तरी अर्ध्या पौंडाचा अर्धा पौंड हातावर ठेवते आणि वर गोड बोलते.

"मी उद्या तुमच्या मॅनेजरशी बोलतो," दत्तप्रसाद म्हणाले.

"माझ्या जागेवर नेपाळचा माणूस आला, साहेब. काल मीच त्याला गोदामाची चावी दिली."

"मग माझ्याकडून थोडे तरी..."

"थोडे म्हणजे कुठच्या भावाने? पावाच्या की मजुरीच्या?"

हे त्याने इतक्या सहज विचारलं की दत्तप्रसादांना क्षणभर तो अभ्यासाचा प्रश्न वाटला. शुभदावहिनी उठून आत गेल्या. कुकर मात्र लागला नाही.

रहिमतुल्लाने फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन दत्तप्रसादांपुढे धरला. "हुस्नाला तुम्ही सांगा. मला तो हिशेब तुमच्यासारखा नाय सांगता यायचा."

"बरा झाला फोन केलात," पलीकडून त्याची बायको हुस्ना म्हणाली. "मिस्तरी समोरच बसलाय. सळया सोमवारी आणू की मंगळवारी, विचारतो."

"वहिनी, मी पेडणेकर. म्हणजे असं आहे, बारा पेन्सचा एक शिलिंग..."

तिने सगळं ऐकलं. मध्ये एकदाच, "हां, मग?" म्हणाली. दत्तप्रसाद एकाहत्तर सालापर्यंत आले आणि थांबले.

"आपल्या रुपयात किती होतात ते?"

"सव्वाचार हजार."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग फोन तोंडापासून दूर धरून तिने मिस्तरीला पत्र्याचा भाव विचारला. मिस्तरी म्हणाला, एक हजाराला एक, खिळे वेगळे.

"चार येतील," ती परत फोनवर आली. "चुलीवरचा भाग तरी झाकेल. बाकी ताडपत्री आहेच. आणि यांना सांगा साहेब, गुरुवारी मुंबईला उतरल्यावर गाडी करू नका. एसटीने या."

रहिमतुल्लाने मान हलवली. ती तिकडे दिसणार नव्हती, म्हणून दत्तप्रसादांनी सांगितलं, "हो म्हणतायत."