हेमलताताईंचा इकामा

रियाधच्या आमच्या मराठी मंडळात एखाद्या बाईचं मन बिनसलं की लोक माझ्याकडे येतात. मी स्मृती, पुण्याची एम.ए. मानसशास्त्र. इथे नवऱ्याच्या इकाम्यावर, त्याच्या निवास परवान्यावर राहते, म्हणजे सरकारी कागदावर 'जगदीशची बायको' एवढाच माझा हुद्दा. प्रॅक्टिस करता येत नाही म्हणून मंडळाच्या हॉलमध्ये, चकल्या-सामोशांच्या वासात, व्याख्यानं देते. गेल्या फेब्रुवारीतला विषय होता 'पन्नाशीतली स्त्री: देशोदेशीचे अनुभव'.

पडद्यावर एक जपानी बाई होती, एक राजस्थानी. पाळी गेल्यावर जिथे बाईचा मान वाढतो, तिथे तिला त्रास कमी जाणवतो, ती सासू होते, घराच्या चाव्या तिच्या हाती येतात, असं मी सांगत होते. पुढच्या रांगेतून हेमलताताईंनी विचारलं, "आणि आपलं काय गं? आपल्याला इथे ना सून, ना चाव्या. पोरगा कॅनडाला गेला की आपलं काम काय उरलं?" बायका खो खो हसल्या. मी घाईघाईने पुढची स्लाइड लावली. चारचौघींत आपल्याला गप्प बसवलं याचा मला असा राग आला की घरी जाऊन मी जगदीशवर विनाकारण ओरडले.

पुढच्याच आठवड्यात हेमलताताई माझ्याकडे आल्या, स्वतः गाडी चालवत. एक्कावन्नाव्या वर्षी! मी बेचाळीस वर्षांची, अजून टॅक्सीत मागे बसते. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "कुणाजवळ बोलू नकोस. शाळेत केजीला टीचर म्हणून घेतायत मला, सुट्टीनंतर. इकामासुद्धा शाळा देणार. यांच्या इकाम्यावरून निघायला यांची संमती लागेल, पण भाचीचं लग्न उरकून आले की घेईनच. मान्य नसेल तर भांडेन. रात्री घामाने भिजून उठते बघ, पण सकाळी काय छान वाटतं! पाळी गेली आणि अक्कल आली."

मी अभिनंदन केलं, वर चिवडाही वाढला. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखत होतं. बारा वर्षांत मला कुणी आपण होऊन इकामा दिला नव्हता. आणि केजीची नोकरी? एम.ए. झालेल्या बाईने पोरांची शेंबडी नाकं पुसायची? असं मनात म्हणत मी दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी ताईंचा नवरा देवदत्त घरी आला. बँकेतला मोठा माणूस, माझ्यासमोर मात्र हात चोळत बसला. "वहिनी, हिला झालंय तरी काय? आमचा उन्मेष कॅनडाला गेल्यापासून त्याच्या खोलीत झोपते. डबा देत नाही. सकाळी गाडी घेऊन निघते ती दुपारीच उगवते. वयाचंच असेल ना हे?"

बायकोलाच विचारा, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण हॉलमध्ये न सुचलेलं सगळं आता मला धडाधड सुचलं. "संक्रमणाचा काळ आहे, देवदत्तराव. या काळात बायका टोकाचे निर्णय घेतात."

"कसले निर्णय?"

मी सांगून टाकलं. शाळा, केजी, इकामा, सगळं. त्याचा चेहरा उतरला तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगते. मग तज्ज्ञाच्या आवाजात सल्ला दिला, "आपल्या माणसांत बाईला त्रास कमी होतो. लग्नाला जातायतच, तर राहू द्या काही महिने सांगलीला." राजस्थानी बाईची स्लाइडसुद्धा त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली.

तेवीस वर्षं ताईंची कागदपत्रं देवदत्तच करत होता. बायकोला सुट्टीवर पाठवायची तर परतीचा व्हिसा, कायमची घालवायची तर फायनल एक्झिट, दोन्ही नवऱ्याच्याच मोबाइलवरून निघतात. आमच्यातली एकही बाई तो कागद वाचत नाही. ताईंनीही पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि मे महिन्यात भाचीसाठी अत्तरं घेऊन हसत विमानात बसल्या.

जूनमध्ये मुंबईच्या विमानतळावरून त्यांचा फोन आला. "काउंटरवरची पोरगी म्हणते, तुम्ही तो देश कायमचा सोडलाय. यांना विचारलं तर म्हणतात, स्मृतीवहिनींच्या सल्ल्याने केलं, तुझ्याच भल्यासाठी." त्या हुंदके देत होत्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. पण त्या म्हणाल्या, "तुझं ऐकतात ना ते? मग तूच समजाव त्यांना. नवा व्हिसा काढायला सांग. आणि शाळेला कळव, मी येतेय, जागा ठेवा."

शाळेचा नंबर त्यांनीच दिला. देवदत्तला मी फोन केला नाही. शाळेला केला. हेमलता मॅडम भारतात कायमच्या परतल्यात, असं प्रिन्सिपलना सांगितलं, ते खोटंही नव्हतं. मग माझी पदवी सांगितली. जगदीशने जेवता जेवता इकामा बदलायला संमती देऊन टाकली.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी मी शाळेच्या ऑफिसात रजिस्टरवर सही करत होते. क्लार्क जागेवर नव्हती आणि फोन वाजायचा थांबेना, म्हणून मीच उचलला.

"जी, मैं हेमलता बोल रही हूँ, इंडिया से. केजी टीचर की पोस्ट के लिए. मेरा वीज़ा थोड़ा लेट है, आप प्लीज़ एक महीना..."

मी आवाज जाड केला. "सॉरी मैडम, वो जगह भर गई."

मी रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात त्या मराठीत म्हणाल्या, "अभिनंदन हं, स्मृती."