तुरीपलीकडचे दिसत नव्हते

मी एक जुना माळा आहे. घरातला नव्हे, शेतातला. चार सागाच्या बल्ल्या, वर बांबूचा तट्ट्या आणि त्यावर फाटकी ताडपत्री, एवढाच माझा संसार. नेर तालुक्यातल्या एका गावी, बेबीताईंच्या वावरात, मी धुऱ्याला लागून उभा आहे. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. रानडुकरांपासून पीक राखायला बेबीताईंच्या यजमानांनी मला बांधले. ते लवकर गेले. मग त्यांचा मुलगा कपिल माझ्यावर बसून डबा वाजवू लागला. "माळा हाय म्हणून तूर घरी येते," असे बेबीताई चारचौघींत सांगायच्या आणि मित्रांनो, मी नुसता फुलून जायचो. पुढे झटका मशीन आली, कुंपणाच्या तारेत वीज खेळू लागली आणि मला कोणी विचारेनासे झाले.

पण बघणे हा माझा जन्माचा धंदा. न बघता 'पाहिले' म्हणणाऱ्याचा मला म्हणूनच राग येतो.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी शेजारच्या शेताचे मालक किसनराव आमच्या वावराच्या कोपऱ्यावर, नाल्याकाठच्या कडुनिंबाखाली मारले गेले. कोणीतरी कुऱ्हाड घातली होती. त्यांचे आणि कपिलचे धुऱ्यावरून वाजलेले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक. जवळच्या बंजारा तांड्यावरचा रामलाल त्या वेळी माझ्या पायाशी भाकर खात बसला होता. त्याने पोलिसांना सांगितले, "माळ्याखालून पाह्यलं मी. कपिलनंच मारलं." कोर्टातही तो हेच बोलला. 'मी तर किसनकाकांना उचलायला गेलो होतो,' असे कपिल परोपरीने सांगत होता. कोणी मानले नाही. त्याला जन्मठेप झाली.

आता मी काय पाहिले ते सांगतो. काहीच नाही. मी उंच खरा, पण त्या कोपऱ्यावर निंबाच्या फांद्या आड येतात. मला फक्त आरोळी ऐकू आली. माझ्या पायाशी बसलेल्या माणसाला तर माझ्याहूनही कमी दिसते, कारण मध्ये तूर असते. आमच्याकडे कपाशीच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या, काही ओळी झाल्या की तुरीची एक ओळ पेरतात. पऱ्हाटी कमरेइतकी, पण तूर मार्गशीर्षात माणसाच्या डोक्यावर जाते. तरी अशा शेताला सगळे पऱ्हाटीचेच वावर म्हणतात. तुरीचे नाव घ्यायची कोणाला गरज वाटत नाही. कोर्टातही रामलाल 'पऱ्हाटीचे वावर' म्हणाला, सरकारी वकील 'कापसाचे शेत' म्हणाले, आणि कपिलच्या वकिलांनीही तीच री ओढली. जागेचा नकाशा काढायला माणसे आली ती भर उन्हाळ्यात. वावर तेव्हा उघडेबोडके होते. माझ्या पायाशी उभे राहून त्यांना निंबाचे बूड स्वच्छ दिसले. झाले, रामलालच्या शब्दाला वजन आले.

"वावर विक अन् माहेरी जाय," असे भावकी म्हणू लागली. बेबीताईंनी त्यांना दारात उभे केले नाही. त्यांनी नागपूरला हायकोर्टात अपील केले. अर्पिता नावाची तरुण वकील ते चालवत होती. जागा पाहायला ती आली तेव्हा पुन्हा मार्गशीर्ष होता. ती माझ्या पायाशी उभी राहिली आणि चक्रावली.

"काकू, निंब कुठी हाय?"

"हा काय, तुरीमांगं."

"ही तूर तवाही होती?"

"होतीच ना. पऱ्हाटीत तूर नाही तं काय ऊस राह्यते?"

"मंग हे सांगितलं काहून नाही?"

"कोणी इचारलंच नाही, बाई. अन् हे बी सांगा लागते काय?"

अर्पिताने पोलिसांनी खुनाच्या दिवशी काढलेले फोटो पुन्हा पाहिले. किसनरावांच्या देहामागे हिरवीगार तूर उभी होती. फोटो सगळ्यांनीच पाहिले होते, पण तुरीकडे कोणी पाहिले नव्हते. तिने ते हायकोर्टापुढे ठेवले आणि रामलालची साक्ष पुन्हा घेण्याचा हुकूम झाला.

साक्षीच्या आधी रामलाल एकटाच वावरात आला. बेबीताई कापूस वेचत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काहून आला?"

"पाह्यासाठी आलो."

"पाह्य मंग. मी तुले खोटं बोलाले सांगत नाही, अन् तुया पायाही पडत नाही. जे दिसते तेच कोर्टात सांगजो."

रामलालने बसून पाहिले, उभे राहून पाहिले, टाचा उंचावून पाहिले. मग माझ्या बल्लीवर हात ठेवून तो बेबीताईंकडे वळला. तांड्यात आईला याडी म्हणतात, त्याने तिचीच शपथ घेतली.

"याडीची आन, बेबीताई, काहीच दिसत नाही. आरोळी आयकून मी धुऱ्यानं पळत गेलतो. कपिल किसनरावले धरून बसला होता, हात रक्तानं भरलेले. वाटलं, यानंच मारलं असन. अन् मंग सांगता सांगता मले ते दिसाले लागलं."

बेबीताईंनी त्याला शिवी दिली नाही की धीरही दिला नाही. "हेच सांग," एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा कापूस वेचू लागल्या.

रामलालने हेच सांगितले. त्याच्या पहिल्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही, असे हायकोर्टाने म्हटले आणि कपिल सुटला. गावात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी किसनरावांची बायको हंसाबाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"तुहा पोरगा घरी आला, बेबी. बरं झालं. मंग माह्या माणसाले कोणं मारलं?"

बेबीताईंनी कमरेची ओटी सोडली आणि वेचलेला कापूस खाली ठेवला.

"मले मालूम नाही, हंसा. पण इचारत राह्यलं पायजे. चाल ठाण्यात. मी येतो तुयासंगं."

मित्रांनो, माझ्या बल्ल्यांना वाळवी लागली आहे. उद्या मला मोडून चुलीत घातले तरी माझी तक्रार नाही. पण तुम्हाला कोणी कधी 'काय पाहिलेस?' असे विचारले, तर जे दिसले नाही ते दिसले नाही म्हणा. त्यात कमीपणा कसला? रामलालने हे पहिल्याच दिवशी म्हटले असते, तर कपिलची उमेदीची वर्षे त्याच्याजवळच राहिली असती, आणि किसनरावांना मारणाऱ्याचा शोध तेव्हाच घेतला गेला असता.