फिल्टरचं झाकण

तिने बॉनेट वर केलं, आत एकदाच पाहिलं आणि पाण्याची गन परत खुंटीला अडकवली.

"काय झालं वहिनी? धुवायची नाही?" मास्तरांनी विचारलं. गाडी त्यांची. लाल, धुळीने माखलेली, पण त्यांच्या जिवापलीकडची.

"इंजिन कधी बंद केलंत?"

"आत्ताच. तासभर चालूच होती, समोरूनच तर आणली."

समोर म्हणजे याच आवारातल्या पलीकडच्या शेडमधून. त्या शेडमध्ये मिस्त्री गाड्या दुरुस्त करायचा, या शेडमध्ये ती धुवायची, आणि मध्ये होती अठरा पावलं आणि एक मोडलेलं लग्न. घटस्फोटाला दोन वर्षं झाली तरी गिऱ्हाइकं तिला वहिनीच म्हणत. कुणाची वहिनी, असं एकदा तिने एकाला विचारलं होतं. तो पुन्हा आला नाही.

मिस्त्रीने गाडीचा मूळचा हवेचा डबा काढून टाकला होता. त्याच्या जागी शंकूसारखा लाल फिल्टर बसवला होता, बंपरच्या जाळीमागे अगदी खाली, उघडाबोडका. जाळीवर धार मारली की तो भिजणार, पाणी मागच्या पाइपात साठणार आणि गाडी चालू करताच इंजिन ते गिळणार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग आतला पोलादी दांडाच वाकतो.

सहा महिन्यांपूर्वी एक करडी गाडी इथून धुऊन निघाली, फाटकापर्यंत गेली, दोन गचके खाल्ले आणि बसली. मिस्त्रीने ती उघडली आणि दहा माणसांदेखत निकाल देऊन टाकला, "बाईने इंजिनात पाणी घातलं." तिची निम्मी गिऱ्हाइकं त्या आठवड्यातच तुटली. जागेच्या मालकांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, तिला स्वच्छ सांगितलं, "आणखी एक इंजिन बसलं की तुझा नळ बंद. मग ही शेड मिस्त्रीला." मिस्त्रीला इथे गाड्या उचलायची दुसरी लिफ्ट लावायची होती. तो ते लपवतही नव्हता. टेप घेऊन दोनदा जागा मोजून गेला होता, ती समोर उभी असताना.

आताही तो हात पुसत आलाच.

"मास्तर तुम्ही, आणि तपासणी बाई करतायत?"

"झाकण कुठाय याचं?" तिने विचारलं. नऊ वर्षं तिने त्याला अहो-जाहो केलं होतं. निकालाचा कागद हातात पडला त्या दिवशी ते सोडलं.

"कसलं झाकण? मोकळा श्वास घ्यायचाय त्याला. आवाज ऐकलास का? वाघ आहे वाघ!"

"वाघाला थंड होऊ दे, गरमवर पिशवी वितळते. मग फिल्टरला पिशवी बांधेन आणि पुढचा भाग फडक्याने पुसून काढेन. तिथे धार मारणार नाही."

"अहो, पण मला दोन वाजता क्लास आहे," मास्तर कुरकुरले.

"मग अशीच न्या."

"बघा काका!" मिस्त्रीने आवाज चढवला. काका पाण्याच्या मोटरीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "धुणारी पाण्याला भिते. हिला कामच करायचं नाही. अगं, मार सरळ धार. मी बसवलाय तो, काही होत नाही."

काकांनी पेपरातून मान वर काढली. "तो म्हणतोय ना काही होत नाही? मार ना बाई. तुमच्या दोघांची रोजची कटकट, डोकं उठलंय माझं."

"बरं," ती म्हणाली.

तिने मोटर लावली, गन काढली आणि चालत जाऊन मिस्त्रीपुढे धरली.

"तू मार."

"हे माझं काम आहे का?"

"जाळीवर धर. जवळून."

गिऱ्हाइकासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने गन हिसकावून घेतली. आधी टायर धुतला, मग दरवाजा, मग टपाचा तो भाग, जिथे काहीही घाण नव्हती. पाणी फरशीवरून तिच्या चपलांखाली आलं. ती हलली नाही.

"जाळी," ती म्हणाली.

त्याने गन पुढे वळवली. बंपरच्या कडेशी आली आणि बोट खटक्यावरून सुटलं. पुन्हा दाबलं तेव्हा नळी परत टायरकडे वळली होती. तिसऱ्यांदाही तेच झालं. मास्तर इतका वेळ गाडीकडे बघत होते. आता ते त्याच्या हाताकडे बघू लागले.

"मिस्त्री, पुढे का मारत नाही?" त्यांचा वर्गातला आवाज बाहेर आला होता.

"इंजिन गरम आहे."

"मघाशी तिला मार म्हणालात, तेव्हा थंड होतं?"

मिस्त्रीने गन फरशीवर टाकली आणि तरातरा आपल्या शेडमध्ये गेला. आत पत्रे वाजले. परत आला तेव्हा त्याच्या हातात काळं पत्र्याचं झाकण होतं, वर पांढऱ्या रंगाने मास्तरांच्या गाडीचा नंबर. न बसवलेला प्रत्येक भाग तो असाच नंबर घालून फळीवर ठेवायचा. फेकायचं काही नाही, ही त्याची खोड.

कुणाकडे न बघता त्याने चार बोल्ट आवळले.

"आवाज जरा कमी येईल," तो मास्तरांना म्हणाला. "लोकांना आवाज हवा असतो, म्हणून नव्हतं लावलं."

"मला विचारलंत?"

त्याने पाना खिशात घातला.

ती उकिडवी बसली. जाळीवर तळहात ठेवून पाहिला. आतून अजून धग येत होती. झाकण बसलं तरी तिने जाड पिशवी आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून शेजारी ठेवली, मास्तरांकडून चावी मागून घेतली आणि कमरेला खोचली. पिशवी काढल्याशिवाय कुणी घाईने गाडी चालू केली, तर फिल्टर तीच आत ओढणार.

"अर्धा तास लागेल," ती म्हणाली. मग पट्टीचा गुंता सोडवता सोडवता, मान वर न करता, "आणि त्या करड्या गाडीचं झाकण? तिचाही फिल्टर तूच बसवला होतास. तेही फळीवरच असेल."

"कुठली करडी?" मिस्त्री म्हणाला. फारच लवकर म्हणाला.

मोटर अजून घरघरत होती. काकांनी हात लांबवून ती बंद केली. पेपराची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि एका हाताने गुडघा दाबत ते उठले. अठरा पावलं चालायला त्यांना बराच वेळ लागला.

"काका, आत पसारा आहे," मिस्त्री त्यांच्या पाठीला म्हणाला. "पाय अडकेल."

काका आत शिरले. काहीतरी लवंडलं.

"दिव्याचं बटण कुठाय रे?" आतून आवाज आला.

मिस्त्री फरशीवरची गन उचलायला वाकला.

"दारामागे," ती म्हणाली. "डाव्या हाताला, वर."