झोपून खेळायचे खेळ

पहाटे पावणेसहाला भट्टीवाला बेकरीतून घरी यायचा आणि सव्वासहाला त्याची बायको घराबाहेर पडायची. मधल्या अर्ध्या तासात दोघांचा संसार उरकायचा. दूध तापवलंय, ढब्बूचं पोट बिघडलंय, गॅस संपत आलाय, थोरली रात्री खोकत होती, अशी चार वाक्यं इकडून तिकडे जायची. एक कप चहा दोघांत व्हायचा आणि दार लागायचं.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं साडेसहापासून बाकावर बसून असतात, त्यामुळे तिची सकाळ चुकत नव्हती. आणि लोकांना सकाळी ताजा पाव लागतो, तो रात्रीच भाजावा लागतो, त्यामुळे त्याची रात्र चुकत नव्हती.

आजी होती तोवर हे निभावलं. आजी म्हणजे बायकोची आई. मामीला जुळं झालं म्हणून ती मामाकडे गेली. ‘दोन महिन्यांत येते,’ म्हणाली होती. जुळ्यांच्या घरातून दोन महिन्यांत कोणी सुटत नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण बोललं कोणी नाही.

थोरली पाच वर्षांची, धाकटी अडीच. धाकटीला सगळे ढब्बू म्हणायचे. थोरलीची शाळा सुरू व्हायला अजून चार महिने होते, आणि ढब्बूला पाळणाघरानं आठ दिवसांत परत पाठवलं होतं, कारण ती चावायची. तेव्हा सव्वासहा ते दुपारी अडीच दोघी बापाच्या ताब्यात. अडीचला बायको आली की त्यानं आडवं व्हायचं आणि आठला उठून पुन्हा बेकरी गाठायची. बोलताना हे जमण्यासारखं वाटलं होतं. पण रात्रभर भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या शरीराला सकाळी सात वाजता कोण समजावणार. उभ्या उभ्या त्याच्या पापण्या मिटायच्या. एकदा तर ढब्बूला दूध पाजता पाजता त्यानं पेला तिच्या कानाला लावला.

पहिल्या आठवड्यात त्यानं मोबाईल दिला. एकावर दोघी भांडल्या, मोबाईल पडला, काच तडकली. मग तो डोकं लढवायला लागला.

त्याला असे खेळ हवे होते की मुली गुंतून राहतील आणि त्याला पडून राहता येईल. पहिला खेळ आपोआप सापडला. तो चटईवर पालथा पडला होता आणि थोरलीनं कपडे वाळत घालायचे चिमटे त्याच्या बनियनला लावायला सुरुवात केली. ‘किती लागले ते मोज,’ तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. ती मोजत गेली. अठ्ठावीस झाले. लाल किती, निळे किती, लाल जास्त का निळे, असं करत पाऊण तास गेला. पाठीला गुदगुल्या होत होत्या, पण पडायला मिळालं.

मग एकेक खेळ निघत गेला. घरातले सगळे डबे जमिनीवर काढायचे, झाकणांचा वेगळा ढीग करायचा आणि कोणतं कोणाचं ते ढब्बूनं शोधायचं. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या. बेकरीतून मैद्याची रिकामी कागदी पोती यायची, ती उसवून त्यावर तो उताणा झोपायचा आणि मुली खडूनं त्याच्याभोवती रेघ ओढायच्या. मग त्या कागदी बाबाला नाक, डोळे, बटणं. उरलेल्या मैद्यात मीठ आणि पाणी घालून मळलेला गोळा तर दोन दोन दिवस पुरायचा. रात्री वाटीभर पाण्यात चमचा घालून बर्फ करायला ठेवला की सकाळी तो चमचा सोडवायला चाळीस मिनिटं लागायची. ढब्बू त्याच्यावर फुंकर मारायची, थोरली कोमट पाणी घालायची, आणि भट्टीवाला भिंतीला टेकून ‘वितळला का’ एवढंच मधूनमधून विचारायचा.

बायको दुपारी यायची तेव्हा दाराशीच थोरली सांगायची, आज आम्ही काय केलं. ढब्बूला रंग कळायला लागले. पाचपर्यंत आकडे आले. बायको म्हणाली, ‘तुम्ही तर मास्तर झालात.’ त्याला बरं वाटलं. बेकरीतही त्यानं दोघांना हे सांगितलं, म्हणजे आपलं फार कोणी ऐकत नाही हे ठाऊक असून सांगितलं.

आणि हळूहळू त्याला झोप मिळायला लागली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तो आठला डोळे मिटायचा तो दहाला उघडायचा. उघडून बघायचा तर घर शांत. ढब्बू चटईवर काहीतरी लावत बसलेली, थोरली तिच्याशेजारी. भांडण नाही, रडारड नाही. हे खेळ आपल्याला साधले, असं त्याला वाटलं. ज्या खेळांची मांडणी त्यानं केली नव्हती तेही मांडलेले दिसायचे. चमचे लहान-मोठे लावलेले, चपला ओळीत. पोरगी हुशार आहे, तो मनात म्हणायचा, आणि कूस बदलायचा.

टेलरकाकू खालच्या मजल्यावर राहायच्या. घरातच शिवायच्या, बहुतेक कोट आणि शाळेचे गणवेश. एका सकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाचा कोट बेतून टेबलावर पसरला होता आणि वरून टपकन एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. छताला ओल धरली होती. त्यांनी कापड उचललं, तसंच हातात घेऊन त्या जिना चढल्या आणि त्यांनी दार वाजवलं.

आत स्टूल सरकवल्याचा आवाज झाला. कडी निघाली. दारात थोरली, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.

‘हळू बोला,’ ती म्हणाली. ‘बाबा झोपलेत.’

काकू भांडायला आल्या होत्या, पण आवाज आपोआप खाली आला. ‘अगं, पाणी कुठून येतंय?’

‘आम्ही स्पंजचा खेळ खेळतोय. या बादलीतून त्या बादलीत. ढब्बूनं बादली सांडली, मग मी नळ सोडला परत भरायला. तो आता बंद होत नाहीये. घट्ट आहे.’

काकू आत गेल्या. स्वयंपाकघरभर पाणी होतं. नळ त्यांच्या हातालाही जड गेला, पण बंद झाला. ढब्बू ओट्याखाली उघडी बसून पाण्यावर थापट्या मारत होती. बाहेरच्या खोलीत भट्टीवाला चटईवर पडलेला, तोंड उघडं, पायाच्या टाचेपर्यंत पाणी आलेलं, तरी ढिम्म.

‘उठव त्यांना,’ काकू म्हणाल्या.

थोरली वाटेत उभी राहिली. ‘नको. ते रात्रभर भट्टीवर असतात.’

‘आणि मग तू काय करतेस?’

‘मी ढब्बूला खेळवते.’

‘तू नाही खेळत?’

ती जरा गोंधळली. ‘मग ढब्बूकडे कोण बघणार?’

 काकूंनी फडकं शोधलं आणि त्या पाणी पुसायला बसल्या. त्या पुसण्याच्या आवाजानं भट्टीवाल्याला जाग आली. परकी बाई आपल्या घरात ओणवी होऊन जमीन पुसते आहे, हे समजायलाच त्याला थोडा वेळ लागला. मग तो धडपडत उठला. ‘काकू, ठेवा, ठेवा. मी करतो.’

‘करा,’ काकू म्हणाल्या आणि त्यांनी फडकं त्याच्या हातात दिलं. ‘कापड वाळेल. अस्तर बदलेन. ते जाऊ दे. तुमच्या मुलीनं स्टुलावर चढून मला दार उघडलं. मी आहे म्हणून ठीक. मला विचारलंसुद्धा नाही कोण म्हणून.’

तो फडकं पिळायला लागला.

‘आणि ती मला म्हणाली, मी ढब्बूला खेळवते.’ काकू दारापर्यंत गेल्या, थांबल्या. ‘मी माझ्या घरात सात भावंडांत थोरली. म्हणून सांगते. ती खेळत नाहीये.’

त्या गेल्यावर त्यानं जमीन पुसली, दोघींचे कपडे बदलले. त्या दिवशी तो झोपला नाही. चटईवर पडून डोळे अर्धे मिटून बघत राहिला. थोरलीनं एकदा त्याच्या तोंडाजवळ येऊन पाहिलं, झोपला आहे अशी खात्री केली आणि डबे काढले. ‘शहाणी ना माझी ती,’ ती ढब्बूला म्हणाली, ‘बघू बरं, याचं टोपण कुठाय.’ शब्द त्याचे होते, आवाजातला थकवाही त्याचाच होता. ढब्बूनं टोपण फेकलं तेव्हा तिनं ते मुकाट उचलून आणलं. कंटाळा आला तशी ढब्बू कुरकुरायला लागली, आणि थोरलीनं लगेच खेळ बदलला, पुढचा आधीच ठरवून ठेवल्यासारखा. साडेअकराला ढब्बू पेंगली. थोरलीनं तिला थोपटलं आणि मग भिंतीला टेकून, पाय लांब करून, समोर बघत बसली. हातात काही घेतलं नाही. रात्रपाळी संपल्यावर बेकरीतली माणसं पोत्यांवर बसतात तशी.

 उठून तिला जवळ घ्यावं असं भट्टीवाल्याला वाटलं, पण मग ती ओशाळली असती. तो पडून राहिला.

अडीचला बायको आली. मुली आत होत्या. त्यानं तिला पाण्याचं सांगितलं, काकूंचं सांगितलं, दाराचं सांगितलं. ती चिडेल, आवाज चढवेल असं त्याला वाटत होतं. ती खुर्चीवर बसली, चपलाही न काढता.

‘थोरली रोज तीनला झोपते,’ ती म्हणाली. ‘मी आले की अर्ध्या तासात. पाच वर्षांचं पोर दुपारी असं घोडे विकून झोपत नाही. मला दिसत होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलून काय करणार होते? तुम्हाला जागं ठेवणार होते?’

 त्यानं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

‘मी मालकाला विचारतो,’ तो म्हणाला. ‘दिवसाचं पॅकिंगचं काम द्या म्हणून.’

त्यानं त्याच संध्याकाळी विचारलं. मालक वाईट माणूस नव्हता. ‘भट्टी कोण बघणार?’ एवढंच म्हणाला. ‘दुसरा माणूस तयार कर, मग ये दिवसाला. वर्ष जाईल.’

तेव्हा बायकोनं लॅबमध्ये विचारलं. तिथं दुपारी एक जागा होती, रिपोर्ट टाईप करून पाकिटात घालायची, साडेअकरा ते सात. ती कोणालाच नको होती. बायकोलाही नको होती. तिचा हात हलका होता. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत असे म्हातारे, सुईला घाबरणारी मुलं, ‘त्या बाई आल्यात का’ म्हणून थांबून राहायची. बारा वर्षांत तिनं मिळवलेलं ते एवढंच होतं, असं ती म्हणायची, आणि थट्टेत म्हणायची तरी ते खरं होतं.

तिनं दुपारची जागा घेतली. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तो डबा भरून निघायच्या तयारीत होता. त्यानं विचारलं, ‘कसं होतं?’

‘पाकिटं होती,’ ती म्हणाली. आणि मग म्हणाली, ‘राहू दे. सवय होईल.’

आता तो सकाळी सहा ते अकरा पलंगावर झोपायचा, दार लावून. पाच तास. पुरे नव्हते, पण सलग होते. अकराला उठून तोंड धुवायचा, बायकोला दारापर्यंत सोडायचा आणि मुलींसमोर मांडी घालून बसायचा. बसायचं, झोपायचं नाही, असा त्यानं स्वतःशी नियम केला होता.

खरी पंचाईत तिथून सुरू झाली. थोरलीला खेळता येत नव्हतं. तो गोळा मळून द्यायचा, ती त्यातला मोठा तुकडा ढब्बूला द्यायची आणि ढब्बूला काय हवं ते करून द्यायची. तो म्हणाला, ‘ढब्बू माझ्याकडे. तू तुझं कर.’

‘काय करू?’

‘तुला हवं ते.’

ती गोळ्याकडे बघत बसली. मग तिनं पाट पुसला.

तीन आठवडे असेच गेले. ती खेळणी गोळा करायची, ढब्बूचं नाक पुसायची, बाप जांभई द्यायला लागला की ढब्बूला खिडकीशी घेऊन जायची. ‘अगं, मी जागा आहे,’ तो म्हणायचा. ‘हो, पण तुम्ही दमलात,’ ती म्हणायची. तो दमलेला होताच. खोटं कसं बोलणार. तो म्हणायचा, ‘दमलो तरी माझं काम आहे ते. तुझं नाही.’ ती मान हलवायची, पटलं नाही अशी.

मग एका दिवशी बायकोनं लॅबमधून एक मोठं खोकं आणलं. फ्रिज आला होता त्याचं. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्यानं सुरीनं त्याला एक खिडकी कापली. दोघींसाठी घर, असं म्हणून त्यानं ते मधोमध ठेवलं. थोरली उशी घेऊन वाकून आत गेली. बराच वेळ आवाज आला नाही. ढब्बू खिडकीपाशी गेली आणि आत पाय टाकायला लागली.

‘नाही,’ आतून आवाज आला.

ढब्बूनं दुसरा पाय टाकला. आतून एक हात आला आणि त्यानं तिला ढकललं. ढब्बू जमिनीवर बसली, तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं.

‘हे माझंय,’ थोरली ओरडली. ‘ती नेहमी सगळं माझं घेते. तिला नका येऊ देऊ.’

भट्टीवाल्यानं ढब्बूला उचललं. डोकं ठणकत होतं, तिचं रडणं थेट कानात शिरत होतं, आणि बायको यायला अजून चार तास होते. खोक्यातही रडणं सुरू झालं होतं, मोठ्यानं, नाक वाहत, काही कारण नसल्यासारखं. त्यानं ढब्बूला कडेवर घेतलं आणि तो खोलीत फेऱ्या मारायला लागला.

‘बरं,’ तो खोक्याकडे बघून म्हणाला. ‘तुझंच राहू दे. ढब्बूसाठी मी दुसरं काही तरी बघतो.’

आतून हुंदका आला, मग खिडकी आतून उशीनं बंद झाली. तो ढब्बूला घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि एका हातानं चहाला आधण ठेवलं.